चौथ्या मजल्यावर आलेली बेडकी

डॉक्टरांनी तीन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. सहा आठवडे वजन उचलायचं नाही, खाली वाकायचं नाही आणि घरात एकटं राहायचं नाही. माझं गर्भाशय काढलं होतं. पहिल्या दोन गोष्टी माझ्या हातात होत्या, तिसरी नव्हती. नवऱ्याची रजा दहा दिवसांत संपली. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर, तिच्या परीक्षा चाललेल्या. आई कऱ्हाडहून आली होती, पण भाचीचं बाळंतपण तोंडावर आलं म्हणून दोन आठवड्यांनी तीही परत गेली. मग विरारच्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर आम्ही दोघंच उरलो, मी आणि माझे सासरे.

सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मूळचे देवगडकडचे, पण सगळी नोकरी मुंबईत एका सरकारी कार्यालयात नकाशे काढण्यात गेलेली. पूल, रस्ते, रस्त्यांखालच्या मोऱ्या. बोलणं मोजकं. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्या गेल्यापासून ते मोजकं बोलणंही आटलं होतं. माझ्या लग्नाला चोवीस वर्षं झाली, तरी आमच्यातलं संभाषण म्हणजे "बाबा, पान वाढलंय" आणि "हो, आलो" एवढंच. त्यात हे असलं ऑपरेशन. शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा ते दारातूनच म्हणाले, "सूनबाईंचं पोटाचं झालंय." आणि दार लावून घेतलं.

आयुष्यात त्यांनी कधी चहा केला नव्हता. आई कऱ्हाडला परतली त्या दिवशी दुपारी त्यांनी माझ्या खोलीच्या दाराबाहेर स्टुलावर एक कप ठेवला, खाकरले आणि निघून गेले. चहात साखर नव्हती, पण सुंठ मुबलक होती. मी तो सगळा प्यायले. दुसऱ्या दिवशी फ्रिजवर एक आलेख कागद चिकटवलेला दिसला. माझ्या सगळ्या गोळ्यांचं वेळापत्रक, जुन्या नकाशांवर असतं तशा सरळ, एकसारख्या अक्षरात. प्रत्येक गोळीपुढे चौकोन आणि दिलेली असेल तर चौकोनात फुली. मला त्यांचं हसूही आलं आणि का कोण जाणे, रडूही.

श्रावणातली गोष्ट. आमच्या इमारतीच्या फाटकाशी वाडीतून एक मावशी टोपली घेऊन येते. केळी, अळू, जास्वंद, तगर, असं काहीबाही. तिच्या घरची बोली निराळी आहे, आपल्या माणसांशी बोलायला लागली की मला निम्मंच समजतं. आमच्याशी मात्र जपून, सावकाश बोलते. त्या सकाळी बाबा खाली गेले आणि हळदीची पानं, अळूची जुडी आणि केळीच्या पानांची गुंडाळी घेऊन आले. पातोळे करायचे होते त्यांना. सासूबाई श्रावणात करायच्या.

"तू खुर्चीवर बसून सांग फक्त," ते म्हणाले. "हात लावायचा नाही."

मी स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले. त्यांनी पानं पुसली, गूळखोबरं एकत्र केलं, तांदळाचं पीठ भिजवलं. ओट्याचा पार चिखल झाला होता. तेवढ्यात माझं लक्ष गॅसच्या वरच्या पांढऱ्या टाइल्सकडे गेलं.

"बाबा, पिठाचा गोळा उडालाय वर. भिंतीला चिकटलाय बघा."

त्यांनी फडकं घेतलं, चष्मा सावरला आणि पुढे झाले. फडकं हवेतच थांबलं.

"सूनबाई, या गोळ्याला डोळे आहेत."

मी किंचाळले. किंचाळताना टाके असे ओढले गेले की दोन्ही हातांनी पोट धरून बसले. बाबा घाबरून माझ्याकडे वळले, मग भिंतीकडे, मग परत माझ्याकडे. "काही नाही, काही नाही, बेडूक आहे," ते म्हणत राहिले. जणू बेडूक असणं ही धीर देण्यासारखी गोष्ट होती.

तो टाइलसारखाच पांढुरका होता, थोडी मळकट साय असावी तसा. हातपाय अंगाखाली इतके घट्ट दुमडलेले की पाय आहेत असंही वाटू नये. आमच्या ओरड्याने, फडक्याने, कशानेही तो हलला नाही. केळीच्या पानांच्या गुंडाळीतून आला असणार.

"टाका ना बाहेर," मी म्हटलं.

ते खिडकीशी गेले, खाली पाहिलं. खाली पेव्हर ब्लॉक, मोटारसायकली आणि पत्र्याची शेड. चार मजले. "कुठे टाकू?" त्यांनी विचारलं. त्यांचा प्रश्न खरा होता.

पातोळे झाले. बेडूक तिथेच. पातोळे फुटले होते, पण हळदीच्या पानाचा वास घरभर भरला आणि आम्ही दोघांनी पहिल्यांदा एका टेबलावर बसून खाल्लं. एरवी ते आधी जेवायचे आणि मी नंतर.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाइल रिकामी होती. मला वाटलं, गेला. अकराच्या सुमारास बाबा माझ्या दाराशी येऊन खाकरले. "उठता येईल का जरा? एक दाखवायचंय."

बैठकीच्या खोलीत सागवानी कपाट आहे. त्याच्या वरच्या कडेला एक बेडूक बसला होता. पण हा तपकिरी, पाठीवर गडद डाग, मध्ये चिंचोळे आणि दोन्हीकडे पसरट.

"दोन आहेत," बाबा म्हणाले. "एक पांढरा, एक तपकिरी. दोन जाती असाव्यात."

मी सोफ्यावर बसून पाहत राहिले. ते आतून जुना लाकडी पेन्सिलबॉक्स घेऊन आले, मोजपट्टी, खोडरबर आणि कोरी वही. स्टुलावर बसून बेडकाचं चित्र काढायला लागले. चित्र कसलं, नकाशाच. वरून दिसतो तसा, बाजूने दिसतो तसा, समोरून दिसतो तसा. मोजपट्टी त्याच्या अंगाला न लावता, एक डोळा मिटून, हात लांब धरून मापं घ्यायची. मी चोवीस वर्षांत त्यांना काम करताना पाहिलंच नव्हतं. कार्यालयातून यायचे, पेपर वाचायचे, जेवायचे, एवढेच ते मला माहीत होते.

त्याच्या पुढच्या दिवशी पांढरा पुन्हा दिसला, यावेळी न्हाणीघराच्या भिंतीवर. बाबांनी त्याचंही चित्र काढलं. दोन्ही पानं माझ्यासमोर ठेवली आणि पेन्सिलीचं टोक एका ठिकाणी टेकवलं.

"हे बघ. उजव्या डोळ्याच्या मागे गोल पडदा आहे, कानाचा. त्याच्या कडेला बारीक चीर आहे, कधीतरी जखम झाली असेल. पांढऱ्याला आहे. तपकिरीलाही आहे. त्याच जागी."

"म्हणजे?"

"म्हणजे एकच आहे. बसेल तिथला रंग घेतो."

त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी सासूबाई गेल्यानंतर पाहिला नव्हता. मला त्यांना आणखी काहीतरी द्यावंसं वाटलं. म्हणून मी माझ्या मैत्रिणीला फोन लावला. आम्ही कॉलेजात एका बाकावर बसायचो. मी पुढे बँकेत लागले आणि ती कोल्हापूरकडे प्राणिशास्त्र शिकवते. फोन स्पीकरवर टाकला.

"फोटो पाठव," ती म्हणाली.

"फोटो आहेत, पण आमच्याकडे नकाशे आहेत," मी म्हटलं. बाबा ओशाळले. पण तिने नकाशे मागवले, पाहिले आणि बाबांशीच बोलायला लागली.

"काका, बोटांच्या टोकाला टिकलीसारख्या गोल गाद्या दाखवल्यात, त्या खरंच आहेत ना?"

"आहेत. काचेवर बसला तेव्हा पलीकडून पाहिल्या."

"मागच्या पायांच्या बोटांत पडदा?"

"आहे. पुढच्यांत जवळजवळ नाही."

"लांबी किती?"

"पावणेसात सेंटीमीटर. अंदाजे," बाबा म्हणाले आणि 'अंदाजे' म्हणताना त्यांना जरा वाईट वाटलं.

"मग बहुतेक मादी आहे. नर एवढे वाढत नाहीत. वृक्षबेडूक आहे हे नक्की, झाडावर राहणारा. पण कुठला ते सांगायला मला मांडीची मागची बाजू हवी. सह्याद्रीत हिची भावंडं आहेत, पाठीवरून फसायला होतं. मांडी फसवत नाही."

इथे अडलं. ती बेडकी दिवसभर मांड्या पोटाशी घट्ट आवळून बसायची. (बेडकी म्हणायला आम्ही त्या क्षणापासून सुरुवात केली.) बाबांनी वहीत तिसरा चौकोन आखून ठेवला होता, वर लिहिलं होतं, 'मांडी, मागील बाजू'. चौकोन रिकामा. न्हाणीघरात एका पसरट भांड्यात पाणी ठेवलं होतं, ती रात्री त्यात बसत असावी, कारण सकाळी भोवती थेंब दिसायचे. रात्री ती घरभर हिंडायची, झुरळं कमी झाली होती, पण तेव्हा आम्ही दोघंही गोळ्या घेऊन झोपलेले. नवरा म्हणाला, "तुमचं दोघांचं काय चाललंय?" आणि हसून कामाला गेला.

"काका, हात ओले करून हळूच उचलून बघा," मैत्रिणीने सांगितलं. "कोरड्या हाताने नको, त्यांची कातडी नाजूक असते. आणि नंतर हात धुवा."

तो मंगळवार होता. बाबांनी हात ओले केले, तिला न्हाणीघराच्या भिंतीवरून ओंजळीत घेतलं आणि मी खिडकीशी बसले होते तिथे आणलं. तिने आधी त्यांच्या हातावर पाण्याची धार सोडली. "मुतली," बाबा म्हणाले आणि माझ्यासमोर हा शब्द उच्चारल्याबद्दल लगेच खाकरले. मग तिने पाय आणखी आत ओढले, मान खाली घातली, डोळे आत गेले. आणि सगळंच थांबलं. हनुवटीखालची ती सतत हलणारी कातडीसुद्धा.

बाबांनी अंगठ्याने तिला थोडं ढकललं. ती दगडासारखी कलंडली.

"सूनबाई," ते म्हणाले. "मेली."

"नाही हो, बाबा."

"मेली. मी दाबली असेन. मला समजत नाही कितपत धरायचं ते. मला कधीच समजलं नाही." त्यांचा आवाज फुटला. "तिलाही मी असंच..."

ते ओंजळ तशीच पुढे धरून रडत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, डोळे पुसायला हात मोकळे नाहीत म्हणून पाणी हनुवटीवरून शर्टावर पडत होतं. मी जागेवरून उठले, पदर घेतला आणि त्यांचे डोळे पुसले. आयुष्यात मी त्यांना पायाला हात लावण्यापलीकडे स्पर्श केला नव्हता.

किती वेळ गेला कुणास ठाऊक, मिनिट दोन मिनिटं असतील. बेडकीचा एक डोळा वर आला. मग दुसरा. मग तिने बाबांच्या ओंजळीतून अशी उडी मारली की माझ्या कानाजवळून गेली आणि पडद्यावर चिकटली. उडी मारताना पाय पूर्ण लांबले आणि त्या क्षणी मांडीच्या मागे, गडद जांभळट कातडीवर, पिवळेजर्द गोल ठिपके चमकले. पडद्यावर बसली, पाय मिटले, ठिपके गायब.

"पिवळे!" मी ओरडले.

"गोल," बाबा नाक ओढत म्हणाले. "गोल होते. सुटे सुटे. रेषा नव्हत्या."

मैत्रिणीला फोन केला तेव्हा ती इतकी हसली. "झालं! सामान्य भारतीय वृक्षबेडूक. चुना लावलेल्या भिंतींवर सापडतो म्हणून इंग्रजीत त्याच्या एका नावातच चुना आहे. काही दुर्मीळ नाही हो काका, नाराज होऊ नका."

"नाराज कशाला," बाबा म्हणाले.

मग तिने त्यांना समजावून सांगितलं. या जिवाकडे दात म्हणावेत असे नाहीत, नख्या नाहीत, विष म्हणावं असं काही नाही. पण साप, पक्षी, मांजर, सगळ्यांना तो हवा. म्हणून आधी दिसायचंच नाही. भिंतीसारखं व्हायचं, सालीसारखं व्हायचं. पकडलंच तर लघवी सोडायची, म्हणजे पकडणाऱ्याला किळस येते. नाहीतर मेल्याचं सोंग घ्यायचं, कारण पुष्कळ शिकारी हलणाऱ्या गोष्टीवरच झडप घालतात. आणि अगदीच नाइलाज झाला तर उडी. उडीत पिवळं चमकतं, शिकाऱ्याची नजर त्या पिवळ्यावर बसते, आणि उतरल्यावर ते पिवळं झाकलेलं असतं. तो पिवळं शोधत बसतो. "असं आम्ही मानतो," ती पुढे म्हणाली. "बेडकाला कुणी विचारलेलं नाही."

बाबांनी रिकामा चौकोन भरला. ठिपके रंगवायला घरात पिवळा रंग नव्हता, तर चिमूटभर हळद पाण्यात कालवली.

तिला परत सोडायला हवं हे दोघांनाही कळत होतं. मावशीला विचारलं तेव्हा ती फाटकाशी उभी राहून खूप हसली. "अगं बाय, बेंडकासाठी कुणी रिक्षा करतं?" पण म्हणाली, या, वाडी काही लांब नाही, आगाशी गावाच्या जरा पुढे. नवरा नको म्हणत होता, रस्त्यात खड्डे, टाक्यांना धक्का बसेल. चौथा आठवडा संपत आला होता. मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, रिक्षा सावकाश चालणार असेल तर जा, हवा लागेल.

रिक्षा सावकाश चालावी याची जबाबदारी बाबांनी घेतली. पुढे वाकून, रिक्षावाल्याच्या खांद्याशी तोंड नेऊन, प्रत्येक खड्ड्याआधी "भाऊ, हळू. भाऊ, खड्डा आहे. भाऊ, पेशंट आहे." शेवटी तो म्हणाला, "चाचा, आप ही चला लो." मांडीवर मी स्टीलचा डबा धरला होता, वर मलमलीचं फडकं बांधलेलं, आत ओला कपडा आणि केळीच्या पानाचा तुकडा. डबा वजनाने हलका होता, तरी बाबांचा एक हात सगळी वाट त्याच्या खाली होता, भार माझ्या पोटावर येऊ नये म्हणून.

वाडीत शिरलो आणि उन्हाचा ताप एकदम कमी झाला. केळी, सुपारी, मधून अळूचे वाफे, पाण्याचे पाट. मावशीने मला माडाच्या सावलीत खुर्ची दिली, शहाळं फोडलं. समोर विहिरीजवळ सिमेंटचा हौद होता. त्याच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या हातभर वर, नारळाएवढा पांढरा फेसाचा पुंजका चिकटला होता.

"ही घाण बघा," मावशी म्हणाली. "दर पावसाळ्यात होते. मी आपली खराट्याने काढून टाकते."

बाबा पुढे झाले. त्यांनी मैत्रिणीकडून हे ऐकलेलं होतं. "मावशी, ही घाण नाही. हे घर आहे. बेडकी मागच्या पायांनी फेस घुसळते आणि त्यात अंडी घालते. वरून सुकतो, आत ओलावा राहतो. मासे, किडे कुणी अंड्यांपर्यंत पोचत नाही. पिल्लं झाली की खालच्या पाण्यात टपाटपा पडतात."

मावशी कमरेवर हात ठेवून त्या फेसाकडे बघत राहिली. "इतकी वर्षं..." ती हळूच म्हणाली. थोड्या वेळाने कोपऱ्यातला खराटा उचलून पडवीत नेऊन ठेवला.

आम्ही डबा उघडला. बाबांनी बेडकीला एका केळीच्या पानाच्या देठावर ठेवलं. ती तिथेच दुमडून बसली, हळूहळू काळवंडायला लागली. तेवढ्यात मावशी म्हणाली, "बाय, भारद्वाज! हात जोड, चांगलं असतं."

सुपारीच्या मुळाशी तो उभा होता. काळा, विटकरी पंखांचा, लाल डोळ्यांचा. मी हात जोडले. आमच्याकडे भारद्वाज दिसला की आई आम्हाला घराबाहेर बोलावून दाखवायची, दिवस चांगला जातो म्हणून. मी मनात काही मागणार इतक्यात तो दोन पावलं चालला, केळीकडे. मान तिरकी केली. आणि आम्हाला तिघांनाही एकदम कळलं की त्याचा शुभशकुन कुठे बसलाय.

बाबांनी टाळी वाजवायला हात उचलले. पण तो उडायच्या ऐवजी केळीच्या बुंध्यावर चढला. देठापाशी पोचला. बेडकी हलली नाही. त्याने शेजारचं वाळकं पान चोचीने ओढलं. ती हलली नाही. मला चटकन उठता येत नव्हतं, मी खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या होत्या. त्याची चोच देठाला लागली आणि बेडकीने झेप घेतली. पिवळं चमकलं. भारद्वाजाने त्या पिवळ्याच्या जागी चोच मारली, हवेत. फडफडत खाली उतरला, गवतात इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"कुठे गेली?" मी कुजबुजले.

बाबांनी बोट दाखवलं नाही, फक्त नजरेने खुणावलं. हौदाच्या कठड्याच्या बाहेरच्या अंगाला सिमेंटचा एक गोळा चिकटला होता. मला तो दिसायला बराच वेळ लागला. भारद्वाज त्याच्यापासून हातभर अंतरावरून चालत गेला, पालापाचोळ्यात एक गोगलगाय त्याला सापडली, ती घेऊन तो कुंपणापलीकडे निघून गेला.

मावशीने मोठा श्वास सोडला. "आता मी कुणाला हात जोडू सांगा!"

मी हसले, पोट धरून हसले, दुखलं तरी हसले.

परतीच्या रिक्षात बाबा पुढे वाकले नाहीत. मागे टेकून बसले होते. बरंच अंतर गेल्यावर, रस्त्याकडे बघतच, ते बोलायला लागले.

"तुझ्या सासूबाईंचं हेच झालं होतं. गर्भाशयाचं." चोवीस वर्षांत तो शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. "आम्ही परळला चाळीत होतो. तिसरा मजला, पाणी खाली. मला रत्नागिरीला एका पुलाच्या मोजणीला जायचं होतं. आठव्या दिवशी मी गेलो. कुणी सक्ती केली नव्हती. साहेबांना सांगितलं असतं तर दुसरा कुणी गेला असता. पण काय म्हणून सांगायचं, लाज वाटली. तीन आठवड्यांनी परत आलो तर ती बादली घेऊन जिना चढत होती. मला बघून बादली खाली ठेवली आणि म्हणाली, आलात? चहा टाकते."

मांडीवरचा रिकामा डबा मी सावरला.

"जन्मभर तिला पोटात कळ राहिली. कधी बोलली नाही. मी कधी विचारलं नाही." मग म्हणाले, "तुझ्या गोळ्यांचा तक्ता करताना मला सारखं वाटत होतं, हे आधी करायला हवं होतं. तिच्यासाठी."

"बाबा," मी म्हटलं, "माझ्यासाठी केलंत, ते मी घेतलंय."

एवढंच सुचलं. त्यांनी मान हलवली. मी डबा त्यांच्याकडे दिला आणि त्यांचा हात हातात घेतला. ओला होता, मलमलीच्या फडक्याने.

त्या आठवड्यात मी नवऱ्याला हे सांगितलं. सांगावं की नाही, दोन दिवस ठरवत होते. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला आठवतं. मी बारा वर्षांचा होतो. आई दर मजल्यावर जिन्यात बसायची आणि मला म्हणायची, तू पुढे हो, मी आले. मला वाटायचं, दमली असेल. मला कुणी सांगितलं असतं तर बादल्या मी आणल्या असत्या ना गं."

तो उठला आणि बाबांच्या खोलीत गेला. दार लोटलेलं होतं. काय बोलले ते मी ऐकलं नाही, ऐकायचं नव्हतं. जेवायला हाक मारली तेव्हा दोघं एकत्रच बाहेर आले. नवऱ्याच्या हातात ती वही होती.

सहा आठवडे झाले, सातव्यात मी बँकेत परत रुजू झाले. वजन उचलताना अजून जपते. मावशीने सांगितलं की फेस ओघळून गेला आणि हौदात बारीक काळी पिल्लं वळवळतायत. तिच्या सुनेला हौद घासायची घाई होती, पण मावशीने तिला दसऱ्यापर्यंत थांबवलं. आता रविवारी सकाळी बाबा आणि त्यांचा मुलगा पेन्सिलबॉक्स घेऊन वाडीत जातात. चिखलाचे पाय घेऊन परत येतात आणि येताना अळू आणतात, गरजेपेक्षा जास्त. मग जेवताना दोघांचा वाद चालतो, पाटाकडेला दिसला तो कुठला बेडूक होता. बाबा म्हणतात, मांडी पाहिल्याशिवाय मी काही लिहिणार नाही.